बेडकाचं काय होतं?

जपूनरावांनी लायब्ररीचं पुस्तक खराब केलं असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर धडधडीत अन्याय आहे. त्यांनी ते चांगलं केलं. इतकं चांगलं केलं की नंतर ते कुणाच्याच उपयोगाचं राहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

जपूनराव हे नाव बिल्डिंगने ठेवलेलं. दार उघडल्यावर 'या' म्हणायच्या आधी 'जपून' म्हणणारा गृहस्थ दुसरं काय नाव कमावणार? त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. सोफ्याला दोन कव्हरं आहेत. एक सोफा मळू नये म्हणून आणि दुसरं पहिलं कव्हर मळू नये म्हणून. चांगल्या कपबशा काचेच्या कपाटात बसून असतात आणि पाहुणे चहा पितात तो कान तुटलेल्या कपांतून. या सगळ्याचा जपूनरावांना मनापासून अभिमान आहे. नोंदणी कचेरीत ते जुने दस्तऐवज सांभाळतात, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही कागदाचा कोपरा आजवर दुमडलेला नाही, असं कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

तर अशा या घरात एका सोमवारी ठकूचं पुस्तक आलं.

ठकू ही त्यांची एकुलती एक मुलगी, पहिलीतली. पुस्तक मुलांच्या वाचनालयातलं, जाड पुठ्ठ्याचं, ताटाएवढं मोठं, आणि मुलांचं इतकं लाडकं की त्याच्यासाठी नंबर लावावा लागे. ठकूने नंबर लावला तेव्हा तिचे पुढचे दात नुसते हलत होते. नंबर लागला तोवर ते पडून नवे डोकावायला लागले होते. पुस्तकात प्रत्येक पानावर एक चेटकीण कांडी उगारून उभी होती आणि तिच्यासमोर कागदाचं एक दार. दारावर एक चित्र, खाली मोठ्या अक्षरात 'छू!', आणि दार उघडलं की आत त्या चित्राचं भलतंच काहीतरी झालेलं. त्यातून येत्या शनिवारी वाचनालयात गोष्टीचा तास होता. ज्याच्या घरी पुस्तक त्याने ते सगळ्या मुलांना वाचून दाखवायचं, अशी तिथली पद्धत. म्हणजे ठकूचा हा आयुष्यातला पहिला जाहीर कार्यक्रम. सोमवारपासूनच ती आरशासमोर उभी राहून 'छू' म्हणायचा सराव करत होती. शनिवारच्या आधी पुस्तक बघायचं नाही, अशी तिने आईला शप्पथ घातली होती. बाबांना शप्पथ घालायची तिला गरजच वाटली नाही. बाबा पुस्तकाकडे बघत होते ते बाहेरूनच, आणि त्यांना त्यात दोनच गोष्टी दिसत होत्या: कागदाची नाजूक दारं आणि ठकूची जाममध्ये बुडालेली बोटं.

"जपून!" जपूनराव दर पानाला ओरडत होते. "अगं, लायब्ररीचं आहे ते! जपून!"

मंगळवारी संध्याकाळी ठकू आईबरोबर मावशीकडे गेली. जपूनराव कचेरीतून येताना स्टेशनरीच्या दुकानातून पारदर्शक चिकट प्लास्टिकचं एक भेंडोळं घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, पट्टी घेतली, कात्री घेतली, बाह्या सरसावल्या, आणि पुस्तकाच्या एकूण एक पानावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, प्लास्टिक चढवलं. अशा कामात नवशिक्या माणसाचे हवेचे फुगे राहतात. जपूनरावांचा एकही फुगा राहिला नाही. शेवटचं पान त्यांनी दिव्याखाली तिरपं धरून बघितलं तेव्हा त्यांचं त्यांनाच भरून आलं. पाण्याची बादली ओतली असती तरी पुस्तकाला काही झालं नसतं. फक्त दारं आता दारं राहिली नव्हती, भिंती झाल्या होत्या, आणि हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दार हे उघडण्यासाठी असतं, हा विचार ज्याच्या घरात कपाटाच्या कुलपालाही कव्हर आहे त्याला सुचणार कसा?

ठकूने घरी येऊन पुस्तक उघडलं. नखाने दाराची कड शोधली. नख घसरलं. पुन्हा शोधली, पुन्हा घसरलं. दुसरं पान, तिसरं पान. जपूनराव कौतुकाची वाट बघत शेजारी उभे.

"आई," ठकू म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे आत अडकले."

"कोण अडकलं?" जपूनरावांनी विचारलं.

ठकूने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "आई, त्यांना सांग, मी त्यांच्याशी कट्टी आहे. ते सगळ्यांना बाहेर काढत नाहीत तोपर्यंत."

ठकूची कट्टी ही काही ऐरीगैरी कट्टी नव्हे. जपूनरावांना पहिल्यांदा वाटलं, पोर आहे, जेवायला बसेपर्यंत विसरेल. जेवताना ती म्हणाली, "आई, त्यांना सांग, मीठ इकडे द्या." मीठ जपूनरावांच्या हातात होतं आणि ते तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी मीठ बायकोला दिलं, बायकोने ठकूला दिलं. एरवी ठकू झोपायला जाताना त्यांच्या पाठीवर बसून जायची. त्या दिवशी ती आपली आपली चालत गेली, आणि जपूनरावांना पाठीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. कचेरीत मोठे साहेब खवळले तरी त्यांना कधी असं वाटलं नव्हतं.

बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वाचनालय गाठलं. दुसरी प्रत मिळाली तर बरं, नाहीतर निदान शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलावा, असा बेत होता. ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत होत्या. खरं सांगायची जपूनरावांना लाज वाटली, म्हणून त्यांनी दुरून सुरुवात केली.

"समजा, एका गृहस्थांच्या घरी तुमचं एक पुस्तक आहे."

"फाटलं का?"

"छे, छे! फाटणं आता शक्यच नाही."

"हरवलं?"

"मुळीच नाही. ते... ते जरा जास्तच सुरक्षित झालंय."

बाईंनी समोरचं रजिस्टर ओढलं आणि त्यावरून बोट फिरवलं. "फाटलं, हरवलं, भिजलं, कुरतडलं. सुरक्षित असा रकानाच नाही आमच्याकडे. रकाना नसेल तर मी काही करू शकत नाही."

हे वाक्य जपूनरावांच्या ओळखीचं होतं. कचेरीच्या खिडकीआडून त्यांनी स्वतःच ते किती जणांना ऐकवलं होतं! खिडकीच्या या बाजूने ते इतकं वाईट ऐकू येत असेल याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. दुसरी प्रत नव्हती. कार्यक्रम पुढे जाणार नव्हता, कारण पुढचा मुलगा पुस्तकासाठी केव्हापासून वाट बघत होता आणि त्याची आई रोज येऊन चौकशी करत होती. "आणि तुमची ठकू वाचणार आहे ना शनिवारी?" बाई एकदम हसून म्हणाल्या. "परवा मला सांगून गेली, बाबा पण येणार आहेत म्हणून." जपूनराव पायऱ्या उतरले ते कठड्याला धरून.

आता बिल्डिंगला कळवल्याशिवाय इलाज नव्हता. तसं ते आधीच कळलं होतं.

शेजारचे निवृत्त इंजिनीअर स्वतःहून आले. त्यांनी उभ्या आयुष्यात पूल बांधले होते आणि जगातली कुठलीही अडचण त्यांना पुलासारखीच दिसत असे. पुस्तक उलटंसुलटं करून, टिचकी मारून, कान लावून त्यांनी निदान केलं. "हा जोडाचा प्रश्न आहे, जपूनराव. जोड थंडीने आकसतो आणि सुटतो. फ्रीजरमध्ये ठेवा."

पुस्तक फ्रीजरमध्ये मावेना. मावावं म्हणून बर्फाचे ट्रे काढले, ट्रे ठेवायला दुधाचं भांडं हलवलं, आणि भांड्याने योग्य वेळ साधून दूध सांडलं.

"पुस्तक नासतं का हो?" बायकोने फरशी पुसता पुसता विचारलं.

"हे शास्त्रीय आहे," जपूनराव म्हणाले.

गुरुवारी सकाळी पुस्तक बाहेर काढलं तेव्हा ते पाटासारखं कडक झालं होतं आणि चेटकिणीच्या नाकावर बर्फ धरलं होतं. दारं मात्र जशीच्या तशी. इंजिनीअर म्हणाले, "म्हणजे तुम्ही चिकटवलंय फारच उत्तम." त्या परिस्थितीतही जपूनरावांना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं, कारण ठकू दारात उभी राहून सगळं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "त्यांना सांग, आतल्यांना सर्दी होईल."

शुक्रवारी समोरच्या पार्लरवाल्या ताई केस वाळवायचं यंत्र घेऊनच आल्या. "भाऊ, थंडी कसली देताय? ऊब द्या. माझ्याकडे बायकांच्या भुवया निघतात, तुमचं प्लास्टिक काय चीज आहे!" त्यांनी यंत्र लावलं, गरम हवा सोडली, कोपरा नखाने उचलला, आणि खरोखरच प्लास्टिक सुटायला लागलं. जपूनरावांच्या जिवात जीव आला. ताईंनी मोठ्या झोकात पहिल्या पानावरचं प्लास्टिक सर्रकन ओढून काढलं. त्याच्याबरोबर दारही निघून आलं. तो अपघात असावा म्हणून त्यांनी दुसरं पान ओढलं. मग कामाच्या भरात बाकीचीही ओढली. शेवटी पुस्तक एकीकडे, आणि टेबलावर पाच सुटी दारं: बेडूक, भोपळा, प्रधान, झाडू आणि राक्षस.

पुस्तकात पानापानावर आतली मंडळी उघडी पडली होती. एक राजपुत्र, एक बस, एक घोडा, एक किटली आणि एक तान्हं बाळ.

"हात्तिच्या, सोपं आहे," इंजिनीअर म्हणाले. "डिंक आणा. आता फक्त कुठलं दार कुठे होतं ते सांगा."

जपूनरावांनी बेडूक उचलला आणि परत टेबलावर ठेवला. कुठलं दार कुठे होतं? प्रत्येक पान त्यांच्या हाताखालून गेलं होतं. कुठल्या कोपऱ्याला किती प्लास्टिक लागलं ते त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. पण एकही दार त्यांनी उघडून बघितलं नव्हतं.

"वहिनींना विचारा," ताई म्हणाल्या.

"मला शप्पथ आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी त्या खोलीत येतसुद्धा नाही."

वाचनालय शुक्रवारी बंद. राहता राहिली ठकू. ती आतल्या खोलीत बसली होती, हाकेच्या अंतरावर. पण तिला विचारायचं म्हणजे दारं निघाली हे सांगायचं, आणि आपण पुस्तक वाचलंच नाही हेही सांगायचं. जपूनरावांनी आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

"हे बघा," ते कचेरीतला आवाज काढून म्हणाले, "आपण तिघंही शिकलेली माणसं आहोत. परीकथा कुणाला माहीत नाहीत? तर्काने सगळं लागेल."

आणि खरंच लागत गेलं. बेडकाचा राजपुत्र होतो हे शेंबडं पोरही सांगेल. बेडूक राजपुत्रावर गेला. भोपळ्याची गाडी होते यावर तिघांचंही एकमत झालं. भोपळा बसवर गेला. प्रधानावर मात्र अडलं. ताईंचं म्हणणं, त्याची किटली झाली असेल, पोट बघा कसं आहे. जपूनरावांना हे मुळीच पटलं नाही. "ताई, माणसाच्या हुद्द्याचा काही विचार? वर्षानुवर्षं राज्याची सेवा केली, आणि शेवटी किटली?" स्वतःच्या निवृत्तीचा विचार मनात येऊन त्यांनी प्रधान उचलून घोड्याच्या पानावर ठेवला. इंजिनीअरांनी दुजोरा दिला आणि प्रधानाला घोडा मिळाला. झाडूला किटली दिली, घरातलं घरात म्हणून. उरला राक्षस आणि उरलं बाळ. राक्षसाचं तान्हं बाळ होईल हे कुणाच्याच बुद्धीला पटेना, पण दुसरं काही शिल्लकच नव्हतं, म्हणून नाइलाजाने तेही चिकटवलं.

पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून जपूनरावांनी ते आपल्या पिशवीत ठेवलं. "तिला सांग," ते बायकोला म्हणाले, "दारं उघडतात. पण डिंक ओला आहे. उद्या तिथेच उघडायचं."

आतून धावत पावलं आली, दारापाशी थांबली. "आई, त्यांना विचार, सगळे बरे आहेत का?"

"बरे आहेत," जपूनराव म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

शनिवारी वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत सतरंजीवर मुलं दाटीवाटीने बसली होती. मागे पालक, भिंतीला टेकून. पलीकडे मोठ्यांची खोली, तिथे 'शांतता राखा' या पाटीखाली म्हातारी मंडळी वर्तमानपत्रं वाचत होती. ठकू चांगला फ्रॉक घालून छोट्या स्टुलावर उभी राहिली. गुंडाळलेला कागद तिने स्वतः काढला. दारांच्या कडा मोकळ्या आहेत हे बघून तिचा चेहरा असा फुलला, की मागे उभ्या जपूनरावांना वाटलं, झालं, आता घरी जाताना ही आपल्या पाठीवर.

"एक होता बेडूक," ठकू म्हणाली. "चेटकीण म्हणाली..."

"छू!" सगळी मुलं ओरडली. बहुतेकांनी हे पुस्तक आधीच घरी नेलेलं होतं. मुलांना नवी गोष्ट कुठे हवी असते? माहीत असलेलीच पुन्हा हवी असते. "बेडकाची बस! बस! बस!"

ठकूने दार उघडलं. आत राजपुत्र.

मुलांची 'बस' तोंडातच राहिली. ठकूने दार मिटलं आणि पुन्हा उघडलं. राजपुत्र तसाच उभा. तिने घाईघाईने पुढचं पान काढलं. "भोपळा... छू..." या वेळी तिचा आवाज एकटीचाच होता. आत बस.

"चुकलं!" पुढचा एक मुलगा ओरडला. "भोपळ्याचा राजपुत्र होतो! गोल गोल!"

"हिला येतच नाही!"

"प्रधानाची किटली झाली का बघ!"

प्रधानाच्या जागी घोडा निघाला तेव्हा पोरं उठून उभी राहिली. झाडूच्या जागी किटली निघाली तेव्हा एक मुलगी रडायला लागली, कारण झाडूचा होणारा घोडा तिचा लाडका होता आणि तो प्रधानाच्या दारात का उगवला हे तिला कुणी सांगत नव्हतं. ठकू स्टुलावर पुस्तक छातीशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे बघत होती, सरळ जपूनरावांकडे. 'हिला येतच नाही' हे तिच्या कानावर पडलं होतं, आणि त्यांच्याही.

जपूनरावांना तिथून निघून जाता आलं असतं. दार जवळच होतं. पण त्यांचे पाय भलत्याच दिशेने निघाले. मुलांच्या मधून, कुणाच्या हातावर, कुणाच्या फ्रॉकवर पाय पडू न देता ते पुढे आले.

"तिला सगळं येतं," ते म्हणाले. "दारं मी लावलीत. मी चुकीची लावली."

"का?" पुढच्या मुलाने विचारलं.

"मला वाटलं, बेडकाचा राजपुत्रच होत असणार."

"कशावरून?"

जपूनरावांनी विचार केला. कचेरीत एवढा सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "सगळीकडे तसंच असतं म्हणून."

"मग बघायला दार कशाला?" तो मुलगा म्हणाला.

ठकू ग्रंथपाल बाईंकडे वळली. "बाई, त्यांना विचारा, त्यांनी पुस्तक वाचलं होतं का?"

बाईंनी चष्म्यावरून जपूनरावांकडे बघितलं.

"नाही," जपूनराव म्हणाले. "बाई, तिला सांगा, नाही वाचलं. एकसुद्धा दार उघडलं नाही. माझं चुकलं."

ठकू स्टुलावरून खाली उतरली. मग तिने पुस्तक मिटलं आणि स्टुलावर ठेवून दिलं. "बाई, त्यांना सांगा, खाली बसा. मी तोंडी सांगते."

जपूनराव सतरंजीवर बसले, इस्त्रीच्या पँटसकट, एका शेंबड्या मुलाच्या आणि एका रडून लाल झालेल्या मुलीच्या मध्ये. ठकूने हात पसरले, गाल फुगवले आणि बेडूक झाली. छू! आणि दोन्ही मुठी डोळ्यांसमोर दिव्यांसारख्या धरून, घर्रर्र करत, मुलांच्या रांगेतून तिची बस निघाली. प्रधान पोट पुढे काढून आला आणि त्याची किटली झाली, तेव्हा जपूनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतकी वर्षं नोकरी केल्यावर त्यांना ते एकदम पटलं. झाडूचा घोडा झाला. राक्षस डरकाळी फोडता फोडता तान्हं बाळ होऊन रडायला लागला. शेवटी उरला भोपळा. ठकू गुडघे पोटाशी घेऊन गोल होऊन बसली.

"बाई, त्यांना सांगा," ती भोपळ्यातूनच म्हणाली, "या वेळी 'छू' त्यांनी म्हणायचं."

जपूनराव पुटपुटले, "छू."

"ऐकू नाही आलं!" मुलं ओरडली.

जपूनरावांनी उघड्या दारातून पलीकडच्या वर्तमानपत्रांकडे बघितलं. त्यांतल्या एकामागे त्यांच्याच कचेरीतले मोठे साहेब बसले होते. मग त्यांनी त्या गोल भोपळ्याकडे बघितलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले, "छू!"

पलीकडच्या खोलीत खुर्ची पडली. साहेबांचं डोकं दारातून आत आलं. बाईंनी कपाळाला हात लावला. भोपळा दचकून उलगडला, उभा राहिला आणि सतरंजीवरून तुरुतुरु चालत थेट जपूनरावांच्या कानाशी येऊन वाकला.

"बाबा," ठकू हळूच म्हणाली, "एवढ्या जोरात नाही. राजपुत्र घाबरतो."